आवेग जनित्र

अतिशय उच्च मूल्याचा, परंतु सेकंदाच्या काही दशलक्षांश भागाइतकाच काळ टिकणारा विद्युत् दाब निर्माण करणारे साधन. अशा दाबास आवेग दाब म्हणतात. विजेचा आघात झाल्यावर तारमार्गावर जो क्षणिक दाब उद्भवतो, त्याची नक्कल करून निरोधक, रोहित्रे, केबली, खटके इ. साहित्य तो दाब सोसते की नाही हे पाहणे, हा या जनित्राचा मुख्य उपयोग होय. मोठ्या प्रयोगशाळांतील आवेग जनित्रे दोन-तीन मजली घराइतकी उंच असतात. तथापि केवळ निरोधकांच्या चाचणीपुरती, जीपगाडीत सहज मावतील अशी सुटसुटीत जनित्रेही बनविता येतात. ती मोठ्या जनित्रांची केवळ स्वस्त प्रतिकृती नव्हेत. एका महत्त्वाच्या बाबतीत ती मोठ्या जनित्रांना न जमणारे काम करतात. हे काम कोणते ते कळण्यासाठी तारमार्गावरील निरोधक निकामी कसा होतो ते प्रथम पाहणे आवश्यक आहे. पुणे जिल्ह्यातील मावळ तालुका व त्यातील लोणावळ्याचा घाटमाथा हा प्रदेश त्यासाठी उदाहरण म्हणून सोयीचा आहे.

तारमार्ग आणि वीज : महाराष्ट्रातील मोठ्या प्रमाणावरील जलविद्युत् निर्मितीची सुरुवात मावळातील पाण्यावर झाली. टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनीची स्थापना १९१० मध्ये झाली व ८ फेब्रुवारी १९११ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते लोणावळे येथे योजनेची कोनशिला बसविण्यात आली. लोणावळे, वळवण व शिरवटा या तलावांत साठविलेले, एरवी पूर्वेकडे वाहून गेले असते असे पाणी बोगदे व नळ यांतून पश्चिमेकडे वळवून सह्याद्रीच्या पायथ्याशी खोपोली येथील वीजघरात सु. ५०० मी. उंचीवरून सोडण्यात आले. १९१५ मध्ये तेथील वीज सु. १ लक्ष व्होल्ट दाबाने सु. ७० किमी. अंतरावरील मुंबईच्या परळ केंद्रात पोहोचली. त्या काळात इतक्या उच्च दाबाचे तारमार्ग जगातही मोजकेच होते. पुढे मावळातच आंध्रा नदीवर ठोकरवाडी येथे धरण बांधून १९२२ मध्ये भिवपुरी येथे दुसरे वीजघर सुरू झाले. मुंबई-पुणे लोहमार्गाच्या विद्युतीकरणाचे काम १९२९-३० च्या सुमारास पुण्यापर्यंत पूर्ण झाले आणि बोरघाटात उच्च दाबाच्या तारांचे जाळे आणखी दाट झाले. खोपोलीच्या तारा उभारल्या गेल्या त्या वेळी आवेग चाचणीची पद्धत रूढ नव्हती. निरोधकांची परीक्षा नेहमीच्या प्रत्यावर्ती दाबाने, म्हणजे दर सेकंदास ५० किंवा ६० वेळा दिशा बदलणाऱ्या दाबाने घेतली जाई. विजेविषयीचे ज्ञान तारमार्ग उभे राहिल्यावर, त्यांवरील बिघाडांतून मिळत गेले.

घाटमाथ्यावर तारमार्गास तीन गोष्टी प्रतिकूल असतात. पहिली वीज. लोणावळ्यास वर्षाकाठी ४,००० मिमी.च्या आसपास पाऊस पडतो. परंतु विजांचा कडकडाट जुलै-ऑगस्टच्या संततधारेत तुलनेने कमी असतो. तो मुख्यतः वळवाच्या पावसात, म्हणजे एप्रिल ते जूनच्या आरंभापर्यंत, आणि पुन्हा परतीच्या पावसात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होतो. (पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने विजांची स्थाने टिपणाऱ्या संवेदकांचे जाळे उभारले असून त्यावर आधारलेली पूर्वसूचना 'दामिनी' या भ्रमणध्वनी प्रणालीद्वारे २०२० पासून लोकांना मिळते.) दुसरी गोष्ट म्हणजे जमीन. मनोऱ्याचा पाया जेथे कठीण बेसाल्ट खडकात असतो तेथे भूसंयोजनाचा रोध सहज कमी होत नाही. मनोऱ्यावर किंवा त्यावरील भूतारेवर ३० हजार अँपिअरची वीज पडली आणि पायाचा रोध १० ओहम असला, तर मनोऱ्याचा दाब ३ लक्ष व्होल्ट चढतो. रोध ३० ओहम असला तर तो ९ लक्ष व्होल्ट होतो. ११० किलोव्होल्टच्या तारमार्गासाठी आवेग दाब सोसण्याची मानक मर्यादा सामान्यतः ५.५ लक्ष व्होल्ट असते. म्हणजे पहिल्या मनोऱ्यावर काही घडत नाही, तर दुसऱ्यावर मनोऱ्याकडून तारेकडे अशी उलट दिशेने ठिणगी उडते. मनोऱ्याची प्रवर्तकता लक्षात घेतल्यास प्रत्यक्ष दाब याहूनही अधिक भरतो. तिसरी गोष्ट म्हणजे ओल. चार महिने धुके, पाऊस व शेवाळ यांच्या संगतीत राहिलेल्या चिनी मातीच्या निरोधकात एखादी केसाएवढी चीर असेल, तर तीत पाणी शिरते.

निरोधकाचे दोन प्रकारचे अपयश : उच्च दाबाच्या तारमार्गावर टोपी व खिट्टी प्रकारच्या तबकड्या एकमेकींत अडकवून तयार केलेली माळ वापरतात. नेहमीच्या तबकडीचा व्यास सु. २५५ मिमी. असतो. ११० किलोव्होल्टच्या माळेत सामान्यतः सात-आठ, तर २२० किलोव्होल्टच्या माळेत तेरा-चौदा तबकड्या असतात. तबकडीच्या माथ्यावर लोखंडी टोपी व खालून लोखंडी खिट्टी सिमेंटने बसविलेली असते. टोपी आणि खिट्टी यांच्यामध्ये चिनी मातीचा केवळ दोन सेंटिमीटरच्या आसपास जाडीचा थर असतो. बाहेरून मात्र टोपीपासून खिट्टीपर्यंतचे हवेतील अंतर त्याच्या अनेक पट असते.

दाब प्रमाणाबाहेर वाढला की दोहोंपैकी एक गोष्ट घडते. ठिणगी बाहेरच्या हवेतून उडते किंवा आतील चिनी माती भेदली जाते. पहिल्या प्रकारात खटका पडून वीज क्षणभर जाते, ठिणगी विझते व खटका पुन्हा जोडला की तारमार्ग पूर्ववत् चालू होतो. निरोधकावर काळसर डाग राहतो इतकेच. दुसरा प्रकार कायमचा असतो. माथ्यातील भेद टोपीखाली झाकलेला असल्याने तो खालून दिसत नाही, दुर्बिणीतूनही दिसत नाही. तारमार्गावर काम करणारे लोक याला 'डिस्क पंक्चर झाली' असे म्हणतात. आठांपैकी एक-दोन तबकड्या अशा गेल्या तरी उरलेल्या सहा जणी नेहमीचा ६४ किलोव्होल्ट दाब (तारेपासून भूमीपर्यंतचा) सोसतात आणि तारमार्ग चालूच राहतो. धोका तेथेच असतो. पुढच्या एखाद्या वादळात त्या माळेवर ठिणगी उडाली की मागोमाग येणारा तारमार्गातील मोठा प्रवाह भेदलेल्या तबकडीच्या बाहेरून न जाता माथ्याच्या आतून जातो. सिमेंटातील ओलाव्याची एकाएकी वाफ होते, टोपी फुटते, माळ तुटते आणि तार खाली येते. पवन मावळ, नाणे मावळ किंवा अंदर मावळ येथील भातखाचरांवरून जाणारी तार पावसाळ्याच्या तोंडावर खाली आली, तर त्या वेळी खाचरात कोणी असणे अगदीच संभवनीय असते. २२ किलोव्होल्टच्या वितरण मार्गावरील खिट्टी निरोधकाच्या बाबतीत तार पडण्याचीही गरज नसते. निरोधक भेदला गेला की लोखंडी आडवा दांडा व खांब यांवर विद्युत् दाब येतो आणि खांबाचे भूसंयोजन सदोष असल्यास त्याला टेकलेले जनावर दगावते.

चिवट काचेच्या तबकडीत हा प्रश्न येत नाही. तीत दोष निर्माण झाला की तिची थाळी चुरा होऊन खाली पडते व माळेतील रिकामी जागा जमिनीवरून नुसत्या डोळ्यांनी दिसते. चिनी मातीची तबकडी आपला दोष असा उघड करीत नाही. तो उघड करून घेणे हे चाचणीचे काम आहे. [→ निरोधक, विद्युत्].

चढाचे महत्त्व : येथे एक अडचण उभी राहते. तबकडीवर ५० आवर्तनांचा प्रत्यावर्ती दाब हळूहळू वाढवीत नेला, तर बाहेरची हवा आधीच भेदली जाते व माथ्यातील चिनी मातीवर पुरेसा ताण पडतच नाही. म्हणून जुन्या पद्धतीत तबकडी तेलात बुडवून चाचणी घेत. तेल हवेपेक्षा अधिक दाब सोसते, त्यामुळे ठिणगीला बाहेरचा मार्ग मिळत नाही. ही पद्धत मानकांत दीर्घकाळ होती. पण तारमार्गावर निरोधक तेलात नसतो आणि मंद गतीने वाढणारा दाब व वीज यांत फार अंतर आहे.

आवेग दाबाच्या चाचणीमागील तत्त्व कालावर आधारलेले आहे. हवेतील लांब अंतर भेदले जाण्यास काही काळ लागतो. आयनीकरण सुरू होऊन ठिणगीचा मार्ग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाढावा लागतो. घन पदार्थाच्या पातळ थरातील भेदन याहून जलद घडते. दाब पुरेशा वेगाने चढविला, तर बाहेरची हवा भेदली जाण्यापूर्वीच तो तिच्या नेहमीच्या भेदन मूल्याच्या दोन-तीन पटींपर्यंत जाऊन पोहोचतो आणि तेवढा सगळा ताण माथ्यातील चिनी मातीवर येतो. निर्दोष तबकडी तो सोसते व ठिणगी अखेर बाहेरूनच उडते. सूक्ष्म चीर, पोकळी किंवा अपुरी भाजलेली, सच्छिद्र माती असलेली तबकडी आतून भेदली जाते. या प्रकारच्या चाचणीसाठी काही देशांच्या मानकांत दाबाचा चढ २,५०० किलोव्होल्ट प्रति मायक्रोसेकंद (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दशलक्षांश) इतका घेतात. या चढाने ३०० किलोव्होल्टपर्यंत जाण्यास ०.१२ मायक्रोसेकंद लागतात. नेहमीच्या मानक आवेग तरंगाचे तरंगाग्र १.२ मायक्रोसेकंदाचे, म्हणजे याच्या दहापट लांब असते.

मार्क्स मंडल : अनेक धारित्रे समांतर जोडून भारित करावयाची व एकसरीत जोडून विसर्जित करावयाची, ही कल्पना जुनी आहे. फ्रेंच भौतिकीविज्ञ गास्तों प्लांते यांनी १८७७ च्या सुमारास अभ्रकाची धारित्रे व फिरता यांत्रिक दिक्परिवर्तक वापरून असे यंत्र बनविले होते. यांत्रिक जोडणीच्या जागी ठिणगी अंतरे वापरण्याची निर्णायक सुधारणा जर्मन अभियंते एर्व्हीन मार्क्स यांनी १९२३-२४ मध्ये केली. त्यांच्या मंडलातील धारित्रे मोठ्या रोधकांतून संथपणे भारित होतात. सर्वांत खालच्या ठिणगी अंतरात ठिणगी पाडली की वरच्या अंतरावरील दाब एकाएकी वाढून तेही भेदले जाते. अशा रीतीने क्षणार्धात सर्व धारित्रे एकसरीत येतात व प्रत्येकाच्या दाबांची बेरीज टोकास मिळते. रोधकांतून असे जोडकाम होण्यास वेळ अपुरा असल्याने ते त्या क्षणी जणू अस्तित्वातच नसतात. जगातील बहुतेक आवेग जनित्रे आजही याच तत्त्वावर चालतात.

बाहेर पडणाऱ्या तरंगाचा आकार दोन रोधकांनी ठरतो. जनित्र व निरोधक यांमधील एकसरी रोधक तरंगाग्राची लांबी ठरवितो आणि भूमीस जोडलेला रोधक तरंगपुच्छाची. पूर्वी अमेरिकेत १.५/४० व ब्रिटनमध्ये १/५० असे निरनिराळे मानक तरंग होते. पुढे १.२/५० हा तरंग आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाला. तो १.२ मायक्रोसेकंदांत शिखरास पोहोचतो व आरंभापासून ५० मायक्रोसेकंदांत शिखराच्या निम्म्यावर उतरतो. तरंगाग्रात ३० टक्के, तरंगपुच्छात २० टक्के व शिखरमूल्यात ३ टक्के इतके कमीअधिक चालते. भारतीय मानक २०७१ मध्ये उच्च दाब चाचण्यांची पद्धत दिलेली असून ७३१ हे मानक उच्च दाबाच्या तारमार्गांवरील चिनी मातीच्या निरोधकांविषयी आहे. २२ किलोव्होल्ट साहित्याची आवेग सहनमर्यादा सामान्यतः १२५, ३३ किलोव्होल्टची १७० आणि २२० किलोव्होल्टची १,०५० किलोव्होल्ट धरतात.

लहान जनित्राचे गणित : जनित्राचे आकारमान दोन गोष्टींवर अवलंबून असते, किती दाब हवा आणि किती धारितेच्या वस्तूवर तो द्यावयाचा. मोठ्या रोहित्राची किंवा केबलीची धारिता हजारो पिकोफॅराड असते, म्हणून त्यांच्या चाचणीच्या जनित्रात शेकडो किलोजूल ऊर्जा साठवावी लागते. याउलट निरोधकाच्या एका तबकडीची धारिता जेमतेम ३०–४० पिकोफॅराड असते. मापनासाठी लागणारा दाब विभाजक व जोडतारा धरून ती ५०० पिकोफॅराड मानली तरीही जनित्राचे काम हलके राहते.

उदाहरणार्थ, प्रत्येकी ०.०२ मायक्रोफॅराड धारितेची चार धारित्रे १०० किलोव्होल्टपर्यंत भारित केली, तर प्रत्येकात १०० जूल, म्हणजे एकूण ४०० जूल ऊर्जा साठते. एकसरीत आल्यावर त्यांचा दाब ४०० किलोव्होल्ट व धारिता ५,००० पिकोफॅराड होते. ही निरोधकाच्या बाजूच्या धारितेच्या दहापट असल्याने त्या बाजूस सु. ३५० किलोव्होल्ट मिळतात. १.२/५० तरंगासाठी एकसरी रोधक सु. ९०० ओहमचा व पुच्छरोधक सु. १२ हजार ओहमचा घ्यावा लागतो. ४०० जूल ऊर्जा म्हणजे भाताचे ४० किग्रॅ.चे पोते मीटरभर उचलण्यास लागणारी ऊर्जा. रोधकांतून भारित करताना जवळजवळ तितकीच ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते, हे धरूनही २० सेकंदांत जनित्र भारित करण्यास ४० वॉट पुरतात. मोटारीतील विद्युत् घटमाला हे काम करू शकते. २२ व ३३ किलोव्होल्ट मार्गांवरील निरोधक आणि माळेतील सुट्या तबकड्या यांच्या चाचणीस एवढे जनित्र पुरेसे आहे. २२० किलोव्होल्टची संपूर्ण माळ तपासण्यास ते पुरेसे नाही, त्यासाठी मोठ्या प्रयोगशाळेकडेच जावे लागते.

आता चढाचा प्रश्न. विद्युत् मंडलातील प्रत्येक मीटर लांबीच्या तारेस सु. १ मायक्रोहेन्री प्रवर्तकता असते व ती दाबाच्या जलद वाढीस विरोध करते. मोठ्या जनित्रात धारित्रांच्या उंच मनोऱ्यातून वर, तेथून निरोधकापर्यंत व भूमीमार्गे परत असे मंडल २० मी. लांबीचे सहज होते. २० मायक्रोहेन्री व ५०० पिकोफॅराड यांच्या मंडलात, रोधक अगदी काढून टाकला तरी, दाब शिखरास जाण्यास ०.३ मायक्रोसेकंदाहून थोडा अधिक काळ लागतो. वर सांगितलेल्या ०.१२ मायक्रोसेकंदापेक्षा हा काळ अडीच पट आहे. म्हणजे मोठे जनित्र, मग ते कितीही शक्तिशाली असो, तीव्र चढाची चाचणी सरळपणे करू शकत नाही. त्याला टोकाशी जादा धारित्र व ठिणगी अंतर जोडून चढ वाढवावा लागतो. मंडलाची लांबी २ मी. व धारिता ५० पिकोफॅराड एवढी कमी केली तर हाच काळ ०.०३ मायक्रोसेकंदावर येतो. लहान जनित्र या कामी सरस ठरते ते यामुळे. मंडल आखूड असणे हीच त्याची जमेची बाजू होय.

रचना : मंडल आखूड करावयाचे तर ४०० किलोव्होल्टचे अंतर हवेत सुरक्षित राखता येत नाही, मोकळ्या हवेत १ सेंमी. अंतर समक्षेत्रात सु. ३० किलोव्होल्टला भेदले जाते व टोकदार भागांजवळ त्याहून पुष्कळ कमी दाबाला. म्हणून धारित्रे व ठिणगी अंतरे एका नळकांड्यात बसवून त्यात दाबाखालील नायट्रोजन, कोरडी हवा किंवा सल्फर हेक्झाफ्ल्युओराइड वायू भरतात अथवा सर्व जुळणी रोहित्राच्या तेलात बुडवितात. सल्फर हेक्झाफ्ल्युओराइडाचे निरोधन बल हवेच्या अडीच-तीन पट असले, तरी वातावरण तापविण्याची त्याची क्षमता कार्बन डाय-ऑक्साइडाच्या २३ हजार पटींहून अधिक असल्याने नव्या रचनांत नायट्रोजन व कोरडी हवा यांकडे ओढा आहे. धारित्रे पॉलिप्रोपिलीन पटलाची किंवा उच्च विद्युत् अपार्यतेच्या मृत्तिकेची असतात. मृत्तिकेची धारित्रे लहान व कणखर असली, तरी दाब वाढताना त्यांची धारिता घटते, हा त्यांचा दोष आहे. टोकाशी उच्च दाबाच्या वायूतील एक अगदी लहान ठिणगी अंतर ठेवले की ते उशिरा पण एकदम भेदले जाते व तरंगाग्र आणखी उभे होते.

मार्क्स मंडलाऐवजी टेस्ला रोहित्र किंवा ठिणगी अंतरांच्या जागी अर्धसंवाहक खटके वापरूनही लहान जनित्रे बनवितात. अर्धसंवाहक खटक्यांना झीज नसते व ते दर सेकंदास शेकडो आवेग देऊ शकतात. परंतु एक खटका एक-दोन हजार व्होल्टच सोसत असल्याने शंभर-दोनशे टप्पे रचावे लागतात. निरोधकाच्या चाचणीत मिनिटाला काही आवेग पुरतात, त्यामुळे तेथे साध्या ठिणगी अंतराचे स्थान टिकून आहे.

हाच उपाय मोठ्या प्रमाणावर अन्य क्षेत्रांतही वापरतात. मुंबईतील तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात 'काली' मालिकेतील इलेक्ट्रॉन वेगवर्धकांत आवेगी शक्तीचे हे तंत्र वापरले आहे. 'काली-५०००' मध्ये मार्क्स जनित्रातील ऊर्जा प्रथम ब्लूमलाइन प्रकारच्या प्रेषण मार्गात साठवून नंतर सु. ०.१ मायक्रोसेकंदात बाहेर सोडली जाते.

मापन व हवेची घनता : आवेगाचे शिखरमूल्य पूर्वी गोलांतील ठिणगी अंतराने व आकार ऋण किरण दोलनदर्शकाने पाहत, आता दाब विभाजक व अंकीय नोंदक वापरतात. तीव्र चढाच्या तरंगासाठी विभाजकाची जोडतार अर्धा मीटर लांब झाली तरी मापन बिघडते, म्हणून विभाजक जनित्राच्या अंगातच बसविणे श्रेयस्कर असते.

घाटप्रदेशात आणखी एक काळजी घ्यावी लागते. हवेचे भेदन मूल्य तिच्या घनतेनुसार बदलते व मानके २० अंश सें. तापमान आणि १,०१३ मिलिबार दाब गृहीत धरतात. समुद्रसपाटीपासून सु. ६२० मी. उंचीवरील लोणावळ्यास हवेचा दाब सु. ९४० मिलिबार असतो. त्यामुळे तोच निरोधक खोपोलीच्या मानाने लोणावळ्यास सु. सात टक्के कमी दाबाला ठिणगी सोडतो; उन्हाळ्यातील तापमानाने हा फरक आणखी वाढतो, तर हवेतील बाष्पाने थोडा घटतो. तारमार्ग घाट चढतो तेथे काही किलोमीटरांतच हा फरक पडत असल्याने खाली घेतलेली चाचणी वर लागू करताना दुरुस्तीचा गुणक वापरावा लागतो. उघड्या ठिणगी अंतराच्या जनित्राचेही तसेच होते. अंतरे पुन्हा जुळविली नाहीत तर ते घाटमाथ्यावर वेळेआधीच सुटते. बंद नळकांड्यातील जनित्रास ही अडचण नसते. आतील माथ्याच्या भेदनावर मात्र बाहेरच्या हवेचा परिणाम होत नाही. म्हणून हवा विरळ असेल तेथे बाहेरची ठिणगी लवकर उडून दोष झाकला जाण्याचा संभव अधिक असतो, व चढ तीव्र ठेवणे अधिकच आवश्यक ठरते.

चाचणीची मर्यादा : तीव्र चढाच्या चाचणीविषयी तज्ञांत मतभेद झाले आहेत. विजेच्या पहिल्या आघाताचे तरंगाग्र सामान्यतः काही मायक्रोसेकंदांचे असते. पाठोपाठच्या आघातांत ते अर्ध्या मायक्रोसेकंदाहूनही आखूड होऊ शकते. पण २,५०० किलोव्होल्ट प्रति मायक्रोसेकंद एवढा चढ एका तबकडीवर क्वचितच येत असेल, तेव्हा ही परीक्षा अवाजवी कठोर आहे असा निर्मात्यांच्या बाजूने आक्षेप घेतला गेला. हा आक्षेप पूर्णतः पटण्याजोगा नाही. चाचणी ही विजेची हुबेहूब प्रतिकृती असलीच पाहिजे असे नाही. तबकडी तारमार्गावर तीस-चाळीस वर्षे राहावयाची असते व तेवढ्या काळात सूक्ष्म चीर वाढत जाते. ती आजच शोधावयाची तर आजचा ताण अधिक असणे भाग आहे. आक्षेपाचा एक भाग मात्र खरा आहे. ही चाचणी निरोधकाचे आयुष्य थोडे खर्ची घालू शकते, म्हणून ती प्रत्येक घाण्यातील काही नमुन्यांवरच घेतात व चाचणी झालेले नमुने तारमार्गावर चढवीत नाहीत.

तारमार्गावरून उतरविलेल्या जुन्या माळांच्या बाबतीत सुट्या, सुटसुटीत जनित्राचा विशेष उपयोग होतो. शेकडो तबकड्या दूरच्या प्रयोगशाळेत पाठविणे खर्चाचे असते, आणि चिनी माती वाहतुकीत तडकतेही. उपकेंद्राच्या आवारातच निवडक तबकड्या तपासल्या तर सर्व माळा बदलाव्यात की त्याच पुन्हा चढवाव्यात याचा निर्णय घेता येतो. मेगरने मोजलेला निरोध हा याला पर्याय नव्हे. कोरड्या ऋतूत भेदलेली तबकडीही पुष्कळदा चांगला निरोध दाखविते, कारण चिरेतील पाणी त्या वेळी सुकलेले असते.

सिलिकोन रबराचे संयुक्त निरोधक प्रचारात आल्यानंतर या चाचणीला नवे काम मिळाले. त्यांत काचतंतूंच्या दांड्यावर रबराचे आवरण असते व दोष दांडा आणि आवरण यांच्या सांध्यात, बाहेरून न दिसणाऱ्या जागी असतो. त्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकात निरोधक प्रथम पाण्यात उकळून मग त्याच्या सु. अर्धा मीटर लांबीच्या भागांवर किमान १,००० किलोव्होल्ट प्रति मायक्रोसेकंद चढाचे २५ धन व २५ ऋण आवेग देतात. प्रत्येक आवेगास ठिणगी बाहेरून उडणे अपेक्षित असते. एकदाही ती सांध्यातून गेल्यास निरोधक नापास ठरतो.

जनित्र लहान असले तरी निर्धोक नसते. ४०० जूलचा एक आवेग माणसाचा प्राण घेण्यास पुरेसा आहे आणि विसर्जनानंतरही धारित्रांत काही भार शिल्लक राहतो. मोठ्या प्रयोगशाळेत जाळीचे कुंपण, दाराला जोडलेला खटका व वरून खाली येणारा भूसंयोजक दांडा असतो. उघड्यावर चाचणी घेताना या तिन्हींची व्यवस्था नव्याने करावी लागते. प्रत्येक आवेगानंतर जनित्राची सर्व धारित्रे एकेक करून भूमीस जोडल्याशिवाय तबकडीला हात लावीत नाहीत.